आईच्या सायकलचा चिमटा

आमच्या घरी सायकल ओटीवर राहायची. अंगणात ठेवली तर दवानं गंजते, म्हणून बाबा कामावरून आले की ती उचलून वर घेत आणि आबांच्या बाजेच्या पायथ्याशी भिंतीला टेकवून ठेवत. आबा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. बाज त्यांची, ओटी त्यांची आणि ओटीवरून दिसणारं सगळं अंगणही त्यांचंच, असा एकूण कारभार होता. सायकल मात्र बाबांची. काळी, उंच, मध्ये आडवा दांडा असलेली, ब्रेकला लोखंडी सळ्या असलेली, आणि मागं एवढं भक्कम कॅरिअर की त्यावरून भाताचं पोतं गिरणीवर जायचं. तिचं चेनकव्हर कुठंतरी घासायचं. बाबा वळणावर आले की खिर्र खिर्र असा आवाज यायचा आणि आई तव्यावर भाकरी टाकायची. बाबा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भाकरी फुगलेली असायची.

बाबा खोपोलीला एका कारखान्यात भट्टीवर कामाला होते. आमचं गाव शिळफाट्यापासून आत, भातशेतांच्या मधोमध. आमच्याकडे घड्याळ होतं, पण ते बाबांच्या मनगटावर, म्हणजे बाबांबरोबरच घराबाहेर जाणारं. आम्हा बाकीच्यांचा दिवस चालायचा तो कारखान्यांच्या भोंग्यांवर. पहाटेचा भोंगा झाला की आई चूल पेटवायची, दुपारचा झाला की बाबा निघाले असतील म्हणून जवळ्याला फोडणी द्यायची. वारा घाटाकडून असला की बोरघाट चढणाऱ्या इंजिनांची धापही ऐकू यायची. आता त्यातलं काही ऐकू येत नाही. मध्ये एवढे बंगले आणि एवढ्या इमारती झाल्यात की आवाजाला यायला वाट उरलेली नाही. माझा नातू म्हणतो, आजी, भोंगा म्हणजे अलार्म का? मी हो म्हणते. सगळ्या गावाचा मिळून एकच अलार्म, हे त्याला समजावत बसत नाही.

घरात आम्ही चौघंच. माझ्या पाठची दोन भावंडं अगदी तान्ही असताना गेली. आई त्यांच्याबद्दल बोलायची नाही. पण गल्लीतलं कुणाचंही पोर दारासमोरून गेलं की त्याला हाक मारून ती हातावर काहीतरी ठेवायची, उकडलेल्या वालाच्या शेंगा, गुळाचा खडा, नाहीतर नुसती गरम भाकरीची कड. ती सातवी शिकलेली होती आणि तिला वाचायला आवडायचं. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा चुलीत घालण्याआधी ती वाचून घ्यायची.

त्या वर्षी कापणी झाली, भात झोडून कणगीत गेलं आणि डोंगराखालच्या ठाकूरवाडीत बालवाडी निघणार असल्याची बातमी आली. वाडीतल्या पोरांना खिचडी द्यायची, गाणी-गोष्टी शिकवायच्या, वजनं घ्यायची, असं काम. आई कुणाला न सांगता खालापूरला जाऊन ऑफिसातल्या बाईंना भेटून आली. म्हणजे मला सांगितलं होतं, आणि रात्री बाबांनाही सांगितलं. बाईंना आई पसंत पडली. पण वाडी लांब. रस्ता बैलगाडीचा, एसटी नाही. सकाळी पोरं जमायच्या आधी तिथं पोचायला हवं आणि दुपारी घर. चालत जायचं तर आबांचं, गुरांचं, माझं कोण बघणार? बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, येत्या सोमवारी वाडीवर हजर व्हा, जमत नसेल तर दुसरी बाई तयार आहे.

"सायकल शिकते मी," आई मला म्हणाली. आम्ही दोघी गोठ्यात शेण भरत होतो. "तुला येते ना? मग शिकव."

मला येत होती, कारण शिळफाट्याला तासाच्या भाड्यानं छोट्या सायकली मिळायच्या आणि शाळेतल्या आम्ही चार मुली मिळून एक घ्यायचो. पण मोठ्या माणसाला शिकवायचं म्हणजे काय, याची मला कल्पना नव्हती. आई तेव्हा बत्तिशीची असेल. नऊवारी लुगडं नेसायची, आणि एक सांगते, कासोटा घातलेल्या बाईला दांड्याची सायकल पाचवारीवालीपेक्षा सोपी जाते. त्या आठवड्यात बाबांची सकाळची पाळी होती. ते दुपारी येऊन जेवले आणि ओटीवर आडवे झाले की आम्ही सायकल हळूच खाली उतरवायचो. आबा बाजेवर डोळे मिटून पडलेले असत. चेनकव्हरचा आवाज होऊ नये म्हणून मी मागचं चाक उचलून धरायची आणि आई हँडल धरून चालायची, असं आम्ही गावाबाहेरच्या कापलेल्या शेतापर्यंत जायचो.

पहिल्या दिवशी ती नुसती पडली. दुसऱ्या दिवशी पडून हसली. त्यानंतर तोल सापडला, आणि एकदा सापडल्यावर तिला थांबवणं कठीण झालं. भाताच्या धसकटांवरून सायकल धडधडत जायची, आईची वेणी पाठीवर उडायची आणि तोंडानं ती सारखं "आलं गं, आलं गं" म्हणत राहायची. मी मागं पळत असायचे. आजही कुणी मला विचारलं की तुझी आई कशी होती, तर मला चुलीसमोरची आई आधी आठवत नाही. ही आठवते.

शुक्रवारी ती पुरत्या जोरात निघाली. शेत संपत आलं, समोर बांध दिसत होता. मी ओरडले, "आई, ब्रेक! ब्रेक दाब!" तिनं काहीतरी दाबलं खरं, पण ती घंटी होती. बांध बाजूला होईल अशा थाटात घंटी वाजवत वाजवत ती थेट बांधाच्या दगडावर गेली.

मी धावत पोचले तेव्हा आई पलीकडच्या शेतात बसली होती. कोपर सोललं होतं. ती हसत होती, आणि मग तिची नजर सायकलवर गेली. पुढचं चाक मागं सरकून फ्रेमला टेकलं होतं. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा जो लोखंडी चिमटा असतो तो वाकला होता, आणि त्याच्या एका पायाला वाकल्या जागी तडा गेला होता. आईचं हसू थांबलं. लुगड्यावरची माती न झटकताच ती उठली आणि म्हणाली, "चल. लपवायचं नाय. आत्ताच सांगायचं."

आम्ही सायकल पुढून उचलून, मागच्या चाकावर ढकलत आणली. खिर्र खिर्र ऐकून बाबा उठूनच बसले. आपली सायकल आपल्याशिवाय घराकडे येतेय, हे झोपेत ऐकून माणसाला काय वाटत असेल! त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोन पडलं?"

"मी," आई म्हणाली.

"लागलं कुठं?"

आईनं कोपर दाखवलं. बाबांनी मला हळद आणायला पाठवलं, स्वतः हळद दाबली आणि त्यानंतरच ते सायकलपाशी उकिडवे बसले. चाकावरून हात फिरवला. "चिमटा गेला," ते म्हणाले. मग शीटवर हात ठेवून म्हणाले, "शीट खाली घेऊन चालवायची गं. तुझे पाय पुरत नसतील. मी रोज बगतो, पायडलला माती लागलेली असते."

त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि ते ओटीवर डोळे मिटून पडून राहिले होते. माझ्या आयुष्यात मला बरीच चांगली माणसं भेटली, पण दुसऱ्याला शिकता यावं म्हणून रोज झोपेचं सोंग घेणारा माणूस मी एकच पाहिला.

आबांना बालवाडीचं कानावर आलं होतं, सायकलचं मात्र खरंच ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी तोंड उघडलं. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. आबांच्या आवडीचं, पण त्यांनी ताट जरा पुढं सरकवून ठेवलं.

"मोडली ना? बरं झालं. आता सोमवारचा विषयच मिटला. बाईमानसानं काय सायकलीवर बसायचं? डोंगरात जाऊन पोरं सांभाळनार, आनि घरात म्हातारा उपाशी."

आई चुलीकडे तोंड करून बसली होती. बाबांनी घास खाली ठेवला.

"सोमवारपासून सायकल तिची," ते म्हणाले. "उद्या चिमटा आनतो."

"आनि तू?"

"मी चालत जाईन."

"तू चालत, आनि बायको सायकलवर? लोक काय म्हनतील रं?"

"म्हनतील, चाललाय. मी चालनारच हाय ना."

एवढंच. बाबांनी घास परत उचलला. आईनं त्यांच्या ताटात न विचारता आणखी बिरडं वाढलं, एवढं की रस्सा पाटावर सांडला. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. बाबा काय देऊन बसले हे मला कळायला पुष्कळ वर्षं जावी लागली. मी स्वतः नोकरीला लागले, उन्हातान्हात चालत कामावर जाऊ लागले, तेव्हा कळलं. त्यांच्या पाळीतले लोक पुढं कित्येक महिने त्यांची थट्टा करत होते, हे तर मला बाबा गेल्यावर त्यांच्या एका सोबत्यानं सांगितलं. घरी त्यातलं एक अक्षर आलं नव्हतं.

शनिवारी बाबा चालत कामावर गेले आणि परत येताना खांद्यावर नवा चिमटा टाकून आले. तेल लावलेला, काळा कुळकुळीत. गल्लीतल्या सखूकाकूंच्या कानावर 'चिमटा मोडला' एवढंच गेलं होतं, त्या बिचाऱ्या आपल्या चुलीवरचा चिमटा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मंदेची आय, तवर ह्यो वापर." आई एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. पण अडचण निराळीच होती. शिळफाट्याचा सायकलमिस्त्री बहिणीच्या लग्नाला घाटावर गेला होता आणि आठवडाभर येणार नव्हता. दुकानात त्याची बायको होती. तिनं चिमटा काढून दिला, पण बसवणार कोण?

"आपुन बसवू," बाबा म्हणाले. "उद्या सुट्टी हाय. मानसानंच बसवलेला असतो ना?"

रविवारी सकाळी अंगणात गोणपाट अंथरून त्यावर सायकल उलटी घातली. बाबांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून नट सोडवायचे पाने, हातोडी आणि लोखंड कापायची करवत मागून आणली होती. भट्टीवर काम करणारा माणूस म्हणजे फिटर नव्हे. बाबांनी हे काम आधी कधी केलेलं नव्हतं, फक्त कारखान्यात फिटर लोकांना बघितलं होतं. ते प्रत्येक नट सोडवण्याआधी जरा वेळ नुसतं बघत बसायचे. मग सोडवायचे आणि माझ्या हातात द्यायचे. मी ते परातीत ओळीनं मांडायची, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप केलं. चाक निघालं, मडगार्ड निघालं, ब्रेकच्या सळ्या निघाल्या. मग सायकल सरळ केली, पण हँडल काही केल्या निघेना. बाबांनी त्यात रॉकेल ओतलं, लाकडाचा ठोकळा ठेवून वरून हातोडी मारली, आणि आमच्या डोक्यात राग जायला लागला तेव्हा कुठं ते हललं.

ओटीवरून आबा सगळं बघत होते. "मोडून ठेवतील पार," असं ते दर थोड्या वेळानं अंगणाला सांगत होते.

चिमट्याची दांडी फ्रेमच्या नळीतून वर येते आणि वर-खाली दोन वाट्यांमध्ये बारीक छर्रे असतात, त्यांच्यावर हँडल फिरतं. बाबांनी मला सायकल पुढून उचलून धरायला लावली. "ह्यो शेवटचा नट सुटला की छर्रे सांडतील," ते म्हणाले, तशी आई चुलीपासून धावत आली आणि तिनं पदर पसरून नळीखाली धरला. चिमटा खाली घसरला आणि तेलकट काळे छर्रे तिच्या पदरात पडले. काही मात्र उडून अंगणात गेले. आम्ही तिघं ते शोधायला वाकलो. आमच्याआधी पोचली ती आमची तांबडी कोंबडी. तिनं एक छर्रा उचलला, मान वर केली आणि गिळला.

"गिलला!" मी ओरडले.

"कापा तिला," ओटीवरून आबा म्हणाले. कितीतरी वेळानं त्यांच्या मनासारखं काहीतरी होत होतं. "छर्रापन मिलंल, रस्सापन व्हईल."

"अंड्यावर हाय ती, आबा," आई म्हणाली.

बाबांनी उरलेले छर्रे रॉकेलमध्ये धुतले आणि वाटीत गोल मांडून पाहिले. "एकानं काय नाय व्हनार," ते म्हणाले. "मोकलं फिरंल उलट." कोंबडी वाचली. मी पुढं त्याच विद्येत आयुष्य काढलं, म्हणून आज सांगू शकते की बाबांचं बरोबर होतं. छर्रे अगदी गच्च भरले तर एकमेकांना घासतात, थोडी फट लागतेच.

जुन्या चिमट्याच्या बुडाशी एक पोलादी कडं घट्ट बसलेलं होतं. ते ठोकून काढलं. आता तेच नव्या चिमट्यावर सरळ खाली बसवायचं होतं. नुसतं एका बाजूनं ठोकलं की ते तिरकं व्हायचं. चहूबाजूंनी एकदम ठोका बसायला हवा होता. बाबा इकडेतिकडे बघत राहिले. आई आत गेली आणि चुलीजवळची फुंकणी घेऊन आली. लोखंडी, जाड, आतून पोकळ. तिनं ती चिमट्याच्या दांडीवर वरून ओवली आणि ती थेट कड्यावर जाऊन टेकली. बाबांनी फुंकणीच्या टोकावर हातोडी मारली. दोनचार ठोक्यांत कडं जागेवर.

"हे तुला कसं सुचलं गं?" बाबांनी विचारलं.

"रोज हातात असते ना," आई म्हणाली आणि फुंकणी पदराला पुसून परत चुलीपाशी गेली. भात करपत होता.

तोवर सगळं ठीक चाललं होतं. मग चिमटा नळीतून वर घातला आणि बाबांनी हातोडी खाली ठेवली. मिस्त्रीच्या बायकोनं दिलेला चिमटा आमच्या सायकलपेक्षा उंच सायकलचा होता. दांडी नळीच्या वर दोन बोटं जास्त आली होती. वरचा नट घट्ट बसला तरी त्याच्यावर एवढा भाग उघडा राहत होता की हँडलवरची ब्रेकची सळी त्याला अडत होती. नट फिरतो ते आटे पुरेसे खालपर्यंत होते, म्हणजे कापता येण्यासारखं होतं. पण जास्त कापलं तर संपलं. दुकान रविवारी बंद, म्हणजे चिमटा बदलून आणायची सोय नाही, आणि उद्या सोमवार.

बाबांनी चिमटा बाहेर काढून गोणपाटावर आडवा घातला आणि कापायला सुरुवात केली. दांडी गोल, ती फिरायची. मी धरायला बसले, तर माझ्याही हातातून फिरायची. बाबा जोर वाढवत गेले. कर्रकर्र आवाज येत होता आणि मध्येच ताडकन करवतीचं पातं तुटलं. दुसरं पातं नव्हतं. आई दारात उभी राहून बघत होती. बाबा करवत खाली ठेवून नुसते बसून राहिले, आणि त्या अंगणात पहिल्यांदाच मला वाटलं की आबा म्हणतात तसंच होणार.

बाज करकरली. आबा काठी न घेता ओटीच्या पायऱ्या उतरून आले.

"जू कापताना बघितलंय मला कदी?" ते बाबांवर खेकसले. "असं धरतात व्हय? सर बाजूला." त्यांनी सरपणातला एक खाच असलेला ओंडका पायानं सरकवून आणला, खाचेत चिमट्याची दांडी घातली, वरून गोणपाटाची घडी टाकली आणि त्यावर आपला पाय रोवून ओंडक्यालगतच्या पायरीवर बसले. आबांचा पाय म्हणजे जन्मभर चिखलात आणि नांगरामागं चाललेला पाय. दांडी केसभर हलेना. "लाकूड नसंल, पन धरायचं तसंच. काप आता."

"पातं तुटलंय आबा," बाबा म्हणाले.

"तुकडा हाय ना?"

तुकडा होता. तो करवतीत बसण्याएवढा नव्हता, पण त्याला फडकं गुंडाळून हातानं कापता येत होतं. बाबांनी दोनदा ओढून पाहिलं. त्यांच्या मोठ्या हातात तो तुकडा नीट धरता येत नव्हता. त्यांनी तो माझ्यापुढं केला. "मंदे, तू काप. तुजा हात हलका हाय. दाबायचं नाय, नुसतं पुढं न्यायचं. पात्याला काम करू द्यायचं." मग काहीतरी आठवून ते थांबले. परातीतला नट उचलून त्यांनी तो दांडीवर खालपर्यंत चढवला. "फिटर लोक असं करतात. कापून झालं की नट वर काढायचा, आटे साफ व्हतात." आईनं शिवणाच्या दोऱ्याचा वेढा दांडीभोवती घट्ट बांधला, कुठं कापायचं ते दिसावं म्हणून. बाबांनी तो थोडा वर सरकवला. "उरलं तर वायसरची चकती घालू," ते म्हणाले. "कमी पडलं तर काय घालनार?"

मी कापायला बसले. किती वेळ गेला मला माहीत नाही. दोऱ्याच्या कडेनं एक बारीक चकचकीत रेघ उमटली, मग ती खोल होत गेली. लोखंडाचा बारीक कीस माझ्या परकरावर पडत होता आणि त्याला एक वास होता, जरासा रक्तासारखा, जरासा पावसातल्या छपरासारखा. समोर आबांचा पाय. माझा हात तिरका जायला लागला की त्यांचा अंगठा हलायचा, आणि मी हात सरळ करायची. शेवटी तो कापलेला गोल तुकडा टुण्णकन पायरीवर पडला. बाबांनी नट फिरवत फिरवत वर आणला. कडेला आल्यावर तो जरा अडला, कुरकुरला आणि मोकळा झाला.

त्यानंतर काही वर्षांनी मी आयटीआयला फिटर झाले, तेव्हा आमच्या तुकडीत मी एकटी मुलगी होते. रसायनीच्या एका कारखान्यात उमेदवारी केली आणि पुढं मुलांना तोच ट्रेड शिकवला. प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या आठवड्यात मी सांगायचे, कापण्याआधी नट चढवा, आणि दाबू नका, पात्याला काम करू द्या. पोरं लिहून घ्यायची. त्यांना वाटायचं, पुस्तकातलं आहे.

दुपार कलेपर्यंत सायकल उभी राहिली. ग्रीस भरून छर्रे मांडले, चिमटा चढवला, नट आवळला, एक वायसर लागलाच. बाबांनी पुढचं चाक उचललं आणि हँडल सोडून दिलं, तसं ते आपल्या वजनानं सावकाश एका बाजूला कललं. मग ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं हलवली आणि कान लावला. कुटकुट नव्हती. ते स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, येताना दोन्ही हात सोडून आले, आणि उतरून आईला म्हणाले, "बस."

शीट खाली घेतली होती. आई पायरीवरून चढली आणि निघाली. गल्लीच्या टोकाशी वळली, परत आली आणि आमच्या समोरून तशीच पुढं निघून गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली.

"थांब की!" बाबा म्हणाले.

"कशी?" आई पलीकडून ओरडली.

तेव्हा आमच्या ध्यानात आलं. सगळा आठवडा ती एकतर पडली होती, नाहीतर मी मागून कॅरिअर धरून तिला थांबवलं होतं. चालत्या सायकलवरून उतरायचं कसं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी तिला नाना परीनं सांगितलं, पण उतरायची वेळ आली की तिचा पाय दांड्यावरून निघायचाच नाही, आणि बाबांना पुढं होऊन हँडल धरावं लागायचं.

सोमवारी सकाळी मी शाळेत गेले नाही. कुणी जा म्हणालंही नाही. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी बांधली होती, आबांचं जेवण झाकून ठेवलं होतं. बाबांची त्या दिवसापासून दुपारची पाळी होती. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि चपला काढून ठेवल्या. मला वाटलं, शेतावर निघालेत. आई पायरीवरून सायकलवर चढली, आणि बाबा कॅरिअरला एक हात लावून तिच्यामागं पळू लागले. वाडीपर्यंत. तिला तिथं उतरवायला.

सगळं गाव दारात आलं होतं. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. आई मान ताठ ठेवून चालवत होती, बहुतेक भीतीनं, पण लांबून ते फार रुबाबदार दिसत होतं. बाबा अनवाणी धावत होते. नाक्यावरचे रामभाऊ, म्हणजे आबांचे पानतंबाखूचे सोबती, मुद्दाम आमच्या अंगणात आले आणि म्हणाले, "काय आबा, सून सायकलवर आनि ल्योक मागं? पडली बिडली म्हंजे?"

आबांनी तंबाखू मळणं थांबवलं नाही. "न्हाय पडायची," ते म्हणाले. "चिमटा मी धरलाय तिचा."

बाबा दोनेक तासांनी चालत परत आले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. मी धावत जाऊन विचारलं, उतरली का? "उतरली," ते म्हणाले. "पोरं वाटंवर उभी व्हती. तिनं घंटी वाजवली तर पलाली नायत, अजून जवल आली." मग ते जेवले आणि पाळीवर निघाले, चालत.

आई त्या बालवाडीत पुढं केस पांढरे होईपर्यंत गेली. त्या वाडीतली कितीतरी मुलं तिच्यापाशी पहिलं अक्षर शिकली, पण ती निराळी गोष्ट. मला इथं सांगायची आहे ती त्या पहिल्या सोमवारची दुपार. उन्हं उतरायला लागली होती. मी दारात तांदूळ निवडत बसले होते, आबा बाजेवर होते. खिर्र खिर्र ऐकू आलं आणि आबा म्हणाले, "आली." गल्लीतून आई आली, एकटी, हिरवं लुगडं धुळीनं माखलेलं, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं. ती अंगणात शिरली, आमच्या समोरून गेली आणि फणसाला वळसा घालून पुन्हा आली.

"मंदे, धर गं मला!" ती ओरडली.

"धर की तिला," आबा म्हणाले.

"धरते," मी म्हणाले. सूप खाली ठेवलं, उठून पायरीवर आले आणि तिथंच उभी राहिले. आई हसत होती. मी तिला अजून एक फेरी मारू दिली.